लोणारच्या आकाशाचे गणित : ग्रहणाचे भाकीत खरे का ठरते?

१/ लोणारच्या विवराच्या काठावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो काळाचा. दख्खनच्या काळ्या बेसाल्टात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खळगा आकाशातून आलेल्या पाषाणाने नेमका कधी पाडला? एका पद्धतीने केलेले कालमापन सुमारे ५२ हजार वर्षे सांगते, तर दुसऱ्या पद्धतीने काढलेले वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे भरते. एकाच विवराच्या दोन वयांत दहापटींहून अधिक अंतर आहे.

२/ आता याच आकाशातील दुसरी घटना पाहावी. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून स्थापन केलेल्या मठाला निकुंभ घराण्यातील सोइदेवाने दान दिले, ते श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, असे तो लेख सांगतो. संवत्सर, मास, तिथी आणि ग्रहण यांची सांगड घालून अभ्यासकांनी तो दिवस निश्चित केला : ९ ऑगस्ट १२०७.

३/ एकीकडे लाखो वर्षांची अनिश्चिती, दुसरीकडे आठशे वर्षांपूर्वीचा नेमका दिवस. आकाश दोन्हीकडे तेच आहे. फरक इतकाच, की उल्कापाताला पुनरावृत्ती नाही आणि ग्रहणाला आहे. पुनरावृत्ती असल्यामुळे भाकीत करता येते, आणि भाकीत केले की ते चुकल्याचेही कळते. ग्रहणगणिताचा इतिहास हा मुख्यतः चुका पकडण्याचा इतिहास आहे. तो तसा वाचला जात नाही, हेच या लेखमालेचे गाऱ्हाणे.

४/ प्रथम मूळ प्रश्न. प्रत्येक अमावास्येला चंद्र सूर्याच्या दिशेला येतो, मग प्रत्येक अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही? कारण चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी सुमारे ५ अंशांचा कोन करते. बहुतेक अमावास्यांना चंद्र सूर्याच्या थोडा वरून किंवा खालून निघून जातो. हे दोन मार्ग जेथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे पात. भारतीय ज्योतिषाने त्यांनाच राहू आणि केतू ही नावे दिली. अमावास्येच्या वेळी सूर्य एखाद्या पाताच्या पुरेसा जवळ असेल, तरच ग्रहण संभवते. सूर्य अशा स्थितीत सुमारे १७३ दिवसांनी येतो.

५/ म्हणजे गणिताचे प्रश्न दोन. अमावास्येचा नेमका क्षण कोणता? आणि त्या क्षणी चंद्र पातापासून किती दूर? अमावास्या ते अमावास्या सरासरी २९.५३०५९ दिवस, चंद्र एका पातापासून निघून पुन्हा त्याच पातावर येतो २७.२१२२२ दिवसांनी. पहिल्या प्रकारचे २२३ महिने आणि दुसऱ्या प्रकारच्या २४२ फेऱ्या जवळजवळ सारख्याच काळात, सुमारे ६,५८५ दिवसांत, पूर्ण होतात. हा काळ १८ वर्षे, ११ दिवस आणि सुमारे ८ तास. यालाच सॅरोस चक्र म्हणतात.

६/ उदाहरण ताजे आहे. २२ जुलै २००९ चे खग्रास ग्रहण सुरत, इंदूर, भोपाळ, पाटणा या पट्ट्यातून दिसले होते. त्यात १८ वर्षे ११ दिवस मिळवले की २ ऑगस्ट २०२७ हा दिवस येतो, आणि त्या दिवशी खरोखर खग्रास ग्रहण आहे. मात्र उरलेल्या ८ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फेरी अधिक फिरते, म्हणून छाया पश्चिमेला सरकते. या वेळी खग्रासाचा मान उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानाचा; महाराष्ट्राच्या वाट्याला खंडग्रास.

७/ चक्र ग्रहणाचा दिवस सांगते, गाव सांगत नाही. लोणारला सूर्य किती झाकला जाईल, स्पर्श केव्हा, मध्य केव्हा, मोक्ष केव्हा, हे विचारले की गणित आकाशातून उतरून थेट जमिनीवर येते. जुन्या गणकाला त्यासाठी गावाचे दोन आकडे लागत. पहिला पलभा : विषुवदिनी मध्यान्ही १२ अंगुळे उंचीच्या शंकूची सावली. लोणारचा अक्षांश सुमारे २० अंश, म्हणून तेथील पलभा सुमारे ४ अंगुळे २२ व्यंगुळे भरते. दुसरा देशांतर : उज्जयिनीच्या रेखेपासूनचे अंतर. लोणार तिच्या पूर्वेस पाऊण अंशाच्या आसपास, म्हणजे वेळेत सुमारे ७ पळे.

८/ एक काठी, एक सावली आणि सात पळे. एवढ्या साहित्यावर उभे राहून चंद्राची सावली आपल्या अंगणात केव्हा पडेल हे सांगायचे, तर अडचण लंबनाची. चंद्र पृथ्वीला इतका जवळ आहे, की पृथ्वीच्या केंद्रातून पाहिलेले आणि पृष्ठावरून पाहिलेले त्याचे स्थान यांत जवळजवळ एका अंशापर्यंत फरक पडतो. चंद्राचे बिंब स्वतः अर्ध्या अंशाचे, म्हणजे फरक बिंबाच्या दुपटीच्या घरात. चंद्रग्रहणात ही अडचण नाही, कारण पृथ्वीची छाया चंद्रावरच पडते आणि चंद्र जेथून दिसतो तेथून सर्वांना ती एकाच वेळी दिसते. सूर्यग्रहण मात्र प्रत्येक गावाचे वेगळे असते.

९/ म्हणून सिद्धांतग्रंथांनी या फरकाचे दोन भाग केले. पूर्वपश्चिम दिशेचा तो लंबन, दक्षिणोत्तर दिशेचा तो नती. लंबनामुळे अमावास्येचा गणिती क्षण आणि ग्रहणाचा दृश्य मध्य यांत पडणाऱ्या अंतराची कमाल मर्यादा त्यांनी ४ घटी, म्हणजे ९६ मिनिटे, धरली. नतीवरून चंद्र सूर्याला किती झाकेल हे ठरे. सूर्यसिद्धांतात चंद्रग्रहण आणि सूर्यग्रहण यांना स्वतंत्र अध्याय आहेत आणि ग्रहणाची आकृती कशी काढावी यालाही स्वतंत्र अध्याय आहे. ज्या परंपरेने आकृती काढायला शिकवले, तिला केवळ भयाची परंपरा म्हणणे अन्यायाचे आहे.

१०/ हे गणित दूरच्या राजधान्यांतच चालत होते असेही नाही. लोणारच्या दक्षिणेस, सुमारे ८० किलोमीटरवर पाथरी आहे. जुन्या ग्रंथांतील पार्थपूर ते हेच, असे मानले जाते. सोळाव्या शतकाच्या आरंभी ‘सिद्धांतसुंदर’ लिहिणारा ज्ञानराज तेथला. गोदातीरावरच्या गोळग्रामात दिवाकर दैवज्ञाचे घराणे नांदले. त्याच घराण्यातील विश्वनाथाने ‘ग्रहलाघवा’तील गणिते आकडे घालून सोडवून दाखवणारी टीका लिहिली. आजच्या भाषेत ती सोडवलेल्या उदाहरणांची वही. लोणारच्या आसपासचा हा मुलुख गणकांचा होता.

११/ तरीही परंपरेच्या पोटात ताण होता, आणि तो लपवून तिचा गौरव होत नाही. ४९९ साली आर्यभटाने स्पष्ट सांगितले, की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची छाया चंद्राला. ६२८ साली ब्रह्मगुप्ताने ग्रहणाचे उत्तम गणित दिले, ते छायेच्याच आधारावर. पण राहूला नाकारणाऱ्यांवर त्याने टीकाही केली, कारण श्रुतिस्मृती राहू सांगतात. चारशे वर्षांनी अल्-बिरुनीला हा विसंगतीचा प्रकार खटकला. एवढा मोठा गणिती असे का लिहितो, याचे उत्तर त्याने लोकभयात शोधले. उत्तर ठाऊक असूनही ते मोकळेपणाने न सांगता येणे, हा प्रश्न केवळ सातव्या शतकाचा नाही.

१२/ या परंपरेतील खरे धैर्य एका छोट्या पारिभाषिक शब्दात आहे : बीजसंस्कार. जुन्या ग्रंथावरून काढलेले ग्रहस्थान आकाशाशी जुळेनासे झाले, की गणक त्या आकड्यांना दुरुस्ती लावीत. कारण साधे आहे. चंद्र दर तासाला सूर्याच्या मानाने जवळपास अर्धा अंश पुढे सरकतो. त्याच्या स्थानात एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक झाली तर ग्रहणाची वेळ सुमारे दोन मिनिटांनी चुकते. शेकडो वर्षे साचत आलेली सूक्ष्म चूक ग्रहणाच्या दिवशी सर्वांच्या डोळ्यांदेखत उघडी पडते. ग्रंथ कितीही पूज्य असो, त्या दिवशी त्याची परीक्षा असते.

१३/ कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० साली, म्हणजे शके १४४२ मध्ये, ‘ग्रहलाघव’ रचले तेव्हा हेच केले. सौर, आर्य आणि ब्राह्म या तीन पक्षांपैकी कोणत्याही एकाला त्याने संपूर्ण निष्ठा वाहिली नाही. ज्या ग्रहाचे ज्या पक्षाचे गणित आकाशाशी जुळले ते घेतले, जेथे अंतर दिसले तेथे स्वतःची दुरुस्ती केली. ११ वर्षांचे, ४,०१६ दिवसांचे चक्र वापरून त्याने मोठमोठे गुणाकार टाळले आणि ज्यांची कोष्टकेही गाळली. म्हणूनच पुढची कित्येक शतके महाराष्ट्राची पंचांगे त्या ग्रंथावर चालली.

१४/ पण जो ग्रंथ दुरुस्तीतून जन्मला, त्यालाच पुढे दुरुस्ती नकोशी झाली. एकोणिसाव्या शतकापर्यंत ‘ग्रहलाघवा’चे आकडेही आकाशापासून ढळले होते. १८६० साली केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय वेधांवर आधारलेली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत प्रसिद्ध केली आणि त्यातून पटवर्धनी पंचांग उभे राहिले. डेक्कन कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या टिळकांनीही पुढे पंचांगशुद्धीचा पुरस्कार केला. जुन्या पंचांगाच्या अभिमान्यांचा विरोध मात्र तीव्र होता. गणेश दैवज्ञाचे नाव घेऊन गणेश दैवज्ञाच्या रीतीलाच विरोध करण्यात आला, हा या वादाचा विपर्यास.

१५/ शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी हा विपर्यास नेमका ओळखला होता. मुरूडचा हा शिक्षक. १८९६ साली त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा मराठी इतिहास प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्यासह लिहिलेला ‘इंडियन कॅलेंडर’ लंडनहून निघाला. त्याला भारतातून दिसलेल्या सूर्यग्रहणांची रॉबर्ट श्राम यांनी तयार केलेली कोष्टके जोडलेली आहेत. ताम्रपटात ‘सूर्यग्रहणपर्वणी’ असा शब्द आला की इतिहाससंशोधक ही कोष्टके उघडत. खरा ताम्रपट आणि बनावट ताम्रपट ओळखण्याचे ते एक साधन झाले : ज्या दिवशी ग्रहणच नव्हते, त्या दिवशी ग्रहणाचे दान कसे दिले जाईल?

१६/ दीक्षित १८९८ मध्ये वारले. त्याच वर्षी, २२ जानेवारीच्या दुपारी, चंद्राची छाया कोकण किनाऱ्यावरून महाराष्ट्रात शिरली आणि ईशान्येकडे वऱ्हाड-नागपूर ओलांडून गेली. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर, सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला, धामणगाव आणि पुलगाव यांच्यामधल्या रेल्वेवरील तळणीला ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी. छाया येण्यापूर्वीच कित्येक दिवस दुर्बिणी रोवून ही माणसे बसली होती. प्लेगाचे ते दिवस. माणसाला उद्याची खात्री नव्हती. दोन मिनिटांच्या अंधाराची मात्र होती.

१७/ तळणीला ॲनी माँडर यांनी सूर्याच्या प्रभामंडलातून दूरवर गेलेल्या एका लांब किरणशलाकेचे छायाचित्र टिपले. ते त्या मोहिमेचे मोठे यश ठरले. जेऊर आणि तळणी यांना जोडणारी रेषा लोणारच्या दक्षिणेकडून, सुमारे ५० किलोमीटरवरून जाते. म्हणजे त्या दुपारी लोणारच्या तळ्यावरचा सूर्यही जवळजवळ झाकला गेला असला पाहिजे. गंमत अशी, की हे ग्रहणही एका सॅरोस कुळातले. १८९८ पासून सात चक्रे मोजली की ८ एप्रिल २०२४ हा दिवस येतो. मेक्सिको आणि अमेरिकेने पाहिलेले खग्रास ग्रहण ते हेच कुळ.

१८/ विजयदुर्गाविषयी एक दुरुस्ती येथे आवश्यक आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात लॉकियर यांनी विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला, ही कथा समाजमाध्यमांवर दरवर्षी फिरते. १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्ये होते. सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा त्यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तेथूनच अभ्यासली. १८६८ चे ग्रहण जान्सेन यांनी गुंटूरहून, तर जॉन हर्शेल यांनी पटवर्धनांच्या जमखंडीहून पाहिले. लॉकियर विजयदुर्गावर आले ते तीस वर्षांनी. दोन ग्रहणे एकत्र मिसळून एक सोयीची कथा तयार झाली. खरी हकीकत कमी रंजक नाही, म्हणून तरी ती नीट सांगावी.

१९/ आजचा गणक काय करतो? एकोणिसाव्या शतकात बेसेल यांनी सुचवलेली रीत अजूनही पाया आहे. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारे, छायेच्या अक्षाला लंब असे एक काल्पनिक प्रतल धरायचे. त्या प्रतलावर चंद्राच्या छायेचे केंद्र कोठे आहे, तिची त्रिज्या किती आहे, हे दर क्षणाला काढायचे. मग गावाचा अक्षांश, रेखांश आणि उंची घालून त्या छायेत ते गाव केव्हा शिरते हे पाहायचे. पलभा आणि देशांतराचीच ही आजची रूपे. चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर सोडून त्याचे अंतर आता सेंटिमीटरांच्या सूक्ष्मतेने मोजतात. चंद्राच्या कडेवरील डोंगरदऱ्याही हिशेबात धरतात.

२०/ तरी एक आकडा अजून पूर्णपणे गणिताच्या ताब्यात नाही : पृथ्वीच्या फिरण्याचा वेग. तो अगदी मंद गतीने, आणि अनियमितपणे, कमी होत आला आहे. चांगदेवाच्या काळापर्यंत मागे गेले तर एकसमान वेळ आणि पृथ्वीच्या परिवलनाची वेळ यांत दहा-बारा मिनिटांच्या आसपास फरक पडतो. लोणारच्या अक्षांशावर एका मिनिटाचा फरक म्हणजे जमिनीवर सुमारे २६ किलोमीटर. दहा मिनिटे म्हणजे छायेचा पट्टा अडीचशे किलोमीटर इकडे किंवा तिकडे.

२१/ हा फरक मोजायचा कसा? जुन्या नोंदींवरून. बाबिलोन, चीन, अरब, युरोप येथील ग्रहणांच्या जुन्या नोंदी तपासूनच पृथ्वीच्या मंदावण्याचा हिशेब लावला गेला आहे. खगोलशास्त्र इतिहासाला तारीख देते आणि इतिहास खगोलशास्त्राला पृथ्वीचा वेग. ज्या तरुणांना शिलालेख म्हणजे निव्वळ राजांच्या वंशावळी वाटतात, त्यांनी ही देवाणघेवाण लक्षात ठेवावी. गावातला भंगलेला दानलेख रंगवला, फोडला किंवा पायरीत बसवला, तर त्याबरोबर आकाशाची एक नोंदही पुसली जाण्याचा संभव असतो.

२२/ आता गाऱ्हाण्याकडे. प्रत्येक ग्रहणाच्या आदल्या रात्री दोन प्रकारचे संदेश फिरतात. पहिला म्हणतो : आपल्या पंचांगाने सगळे आधीच सांगितले होते, म्हणून त्यातले वेधकाळ, गर्भवतींनी पाळायचे निर्बंध, राशिफळेही खरीच. दुसरा म्हणतो : आपल्याकडे नुसता राहू होता, गणित साहेबाने आणले. दोन्ही संदेशांना आर्यभटापासून दीक्षितांपर्यंतची चौदाशे वर्षे नकोशी आहेत.

२३/ पहिल्या संदेशातील चूक अधिक सूक्ष्म, म्हणून अधिक घातक. ग्रहणाची वेळ खरी ठरते, कारण ती चुकली तर सर्वांना दिसते आणि गणकाला सुधारावे लागते. राशिफळ चुकले तर कोणी बीजसंस्कार करीत नाही. एकाच छापील पानावर दोन्ही शेजारी आहेत, एवढ्याने एकाची विश्वासार्हता दुसऱ्याला मिळत नाही. आठ महिन्यांची गर्भवती दिवसभर उपाशी आणि पाण्याविना अंधाऱ्या खोलीत बसवली जाते, तेव्हा ती अचूक गणिताच्या नावावर बसवली जाते. गणिताने तिला असे काहीही सांगितलेले नसते.

२४/ लोणारचे विवरही याच रीतीने उलगडले. लवणासुराची कथा दैत्यसूदनाच्या मंदिरात आहे, आणि ती कथा म्हणून सुंदरच आहे. त्यानंतर हा खळगा ज्वालामुखीचा मानला गेला. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तेथील खडकांत प्रचंड आघाताच्या खुणा दाखवल्या आणि जुने मत मागे पडले. वयाचा वाद अद्याप चालू आहे. त्यात कमीपणा नाही. ज्ञान जिवंत असल्याचे ते लक्षण आहे.

२५/ २ ऑगस्ट २०२७ ला लोणारचा सूर्य थोडासा झाकला जाईल. त्या दिवशी विवराच्या काठावर प्रमाणित ग्रहणचष्मा लावून, हातात घड्याळ घेऊन कोणी उभे राहिले, आणि स्पर्शाची छापील वेळ व दिसलेली वेळ शेजारी शेजारी लिहून ठेवली, तर ते गणेश दैवज्ञाचेच काम पुढे नेतील. पाटणच्या मठाला दान ग्रहणाच्या वेळी मिळाले होते, आणि ते मिळाले होते भास्कराचार्यांचे गणित शिकवण्यासाठी. पूर्वजांनी ग्रहणाचा असाही उपयोग केला होता, एवढे तरी त्या दिवशी आठवावे.